डोंगराचं रक्त आणि कोंडिबाचे पाय

पासलीचा कोंडिबा टपालाची थैली वाहायचा. पहाटे गावातली थैली घेऊन वेल्ह्याला जायचं, तिथं नवी थैली घ्यायची आणि वाटेतल्या वाड्यांवर पत्रं देत दुपारपर्यंत घरी यायचं. एसटी दिवसातून एकदा यायची, तीही तिच्या मनात आलं तर. त्यामुळं बावीस वर्षं हे सगळं पायीच चाललं होतं. पायी म्हणजे धड चालणं नाही की धड पळणं नाही, दोन्हीच्या मधली एक तुरतुरी चाल होती त्याची. टायरच्या तळव्यांच्या चपलांचे तीन जोड वर्षाला झिजायचे.

त्याच्यासोबत चालायला कुणी राजी नसायचं, कारण कोंडिबा चढावर गप्पा मारायचा. घाट चढता चढता तो सोयरिकी, भाताचं पीक, कुणाची म्हैस गाभण, असं सगळं एका दमात सांगायचा आणि बरोबरचा माणूस नुसता "हं" म्हणत राहायचा. ज्याचं कोंडिबाशी काही भांडण असेल तो ते सपाटीवरच उरकून घ्यायचा. चढ लागला की बाजी कोंडिबाची, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या हिवाळ्यात पुण्याहून एक जीप पासलीत आली. तिच्यातून डॉक्टर हुमा उतरली. ती भोरचीच मुलगी, पुण्यात शिकून संशोधन करू लागलेली. डोंगरात राहणाऱ्या चाळीस माणसांचं आणि हायवेवरच्या किकवीतल्या चाळीस माणसांचं रक्त तिला तपासायचं होतं. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून तिनं लोकांना समजावून सांगितलं.

"हिमालयात चार-चार हजार मीटर उंचीवर गावं आहेत. तिथली हवा इतकी विरळ की आपण गेलो तर रक्त दाट व्हायला लागतं, डोकं दुखतं. पण तिथले लोक शेकडो पिढ्या तिथंच राहिले, तर त्यांच्या अंगातच अशी काही सोय झाली की रक्त दाट न होताही त्यांचं भागतं. ती आईबापांकडून मुलांकडं जाते. तुमच्याकडं तसलं काही निघेल असं नाही, पण बघायला काय हरकत आहे?"

सरपंच आनंदरावांनी यातलं "अंगातच सोय" एवढंच ऐकलं. शेवटचं वाक्य त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नाही, कारण तोवर ते कोंडिबाकडं वळले होते.

"बघ कोंडिबा. म्या म्हनत नव्हतो? आपल्या रक्तातच डोंगर हाय."

आठ दिवसांत ही गोष्ट वेल्ह्याच्या पलीकडं मार्गासनीपर्यंत गेली. पासलीच्या पोरींना स्थळं सांगताना "रक्त डोंगराचं हाय बरं" असं लोक म्हणू लागले. काही जणांनी तर चालणंच कमी केलं. रक्तातच आहे तर रोज पाय कशाला झिजवायचे? कोंडिबाचा धाकटा भाऊ चिमाजी याचं मार्गासनीत किराण्याचं दुकान होतं. तिथं तो गादीवर बसून गिऱ्हाइकांना सांगायचा, "कोंडिबाचं काय घिऊन बसलात, त्येच रक्त माज्यात बी हाय."

कोंडिबा मात्र गप्प गप्प झाला. वेल्ह्याच्या हॉटेलात चहाला बसला तरी कुणी ना कुणी म्हणायचं, "तुमास्नी काय, तुमचं रक्तच तसलं." घरी येऊन त्यानं पाय शेकायला गरम पाणी मागितलं, तर त्याची बायको ठकुबाई म्हणाली, "रक्त चालतंय म्हनं. मंग पाय कशानं दुकत्यात?"

ठकुबाई चेष्टा करत होती, पण कोंडिबाला ती लागली. भर पावसात, काट्याकुट्यांतून, एकदा तर ताप अंगावर काढून तो चालला होता. आता सगळं श्रेय कुठल्याशा पणज्याच्या रक्ताला जाऊन बसलं. पणजा तर, ऐकिवात होतं त्याप्रमाणं, दिवसभर झोपाळ्यावर असायचा.

पुढच्या खेपेला डॉक्टर हुमा आली तेव्हा कोंडिबानं तिला गाठलं.

"ताई, एक इचारू? समदं रक्तानंच केलं आसंल, तर बावीस वर्सं म्या काय केलं?"

हुमा हसली नाही. म्हणाली, "मामा, हे सुईनं कळायचं नाही. पळूनच बघायला हवं."

तिच्या तपासणीत पळणं होतंच. पाच जण पासलीचे, पाच किकवीचे, वेल्ह्यापासून पासलीच्या वाटेनं दहा किलोमीटर, आणि शेवटी नाडी मोजायची. शर्यत नव्हे, असं तिनं तीनदा सांगितलं. आनंदरावांनी हार आणि नारळ मागवून ठेवला. पासलीकडून कोंडिबा तर होताच. शिवाय कोंडिबानं स्वतः आग्रह धरला की चिमाजी पाहिजेच.

"त्येच रक्त हाय ना? मंग ईऊ द्या त्याला."

चिमाजीला नाही म्हणता येईना. दुकानात बसून त्यानं फार बोलून ठेवलं होतं.

किकवीच्या पाचांत एक झुल्फिकार होता. बावीस-तेवीस वर्षांचा, हायवेवर पंक्चर काढायचा आणि रोज सकाळी डांबरी कडेनं पळायचा. पोलीस भरतीत उतरायचा त्याचा विचार होता. डोंगर त्यानं नुसता लांबून पाहिला होता. कोंडिबाच्या टायरच्या चपलांकडं पाहून तो म्हणाला, "मामा, ह्याच घालून पळनार?"

"ह्या पायातनं काडल्या तर पाय वाट इसरत्यात," कोंडिबा म्हणाला.

सकाळी सात वाजता सगळे निघाले. पहिल्या किलोमीटरला चिमाजी छातीवर हात ठेवून मोरीच्या कठड्यावर बसला. मागून जीपमधून येणाऱ्या हुमानं त्याला पाणी दिलं आणि नाडी मोजली. "ही मोजता मोजता मीच दमले," असं ती ड्रायव्हरला म्हणाली.

सहाव्या किलोमीटरला चढ लागला. झुल्फिकार पुढं, त्याच्या मागं शंभर पावलांवर कोंडिबा, बाकीचे कुठं दिसतही नव्हते. तेवढ्यात वाटेवरच्या वस्तीतून सखूबाईनं हाक मारली.

"कोंडिबा, माज्या लेकीचं पत्र आलं का रं?"

पत्र आलं होतं. कालच आलं होतं, पण काल सखूबाई घरी नव्हती. आज याच वाटेनं जायचंय म्हणून कोंडिबानं ते खिशात घातलं होतं. तो थांबला. पत्र दिलं. सखूबाईला वाचता येत नव्हतं, तेव्हा वाचूनही दाखवलं. लेकीला दिवस गेले होते. मग सखूबाईनं डोळे पुसले, गूळ आणला, तो खाल्ल्याशिवाय सोडेना. तोवर मागचे दोघं पुढं निघून गेले. जीपमधून हुमा हे बघत होती. तिनं वहीत काय लिहावं ते तिला सुचेना.

शेवटी झुल्फिकार पहिला आला. पुढं निघून गेलेल्या दोघांना गाठून कोंडिबा दुसरा आला.

आनंदराव हार घेऊन उभे होते. ते लगेच म्हणाले, "पत्रानं घात केला. न्हाई तर डोंगरच जिंकला आस्ता."

"न्हाई सरपंच," कोंडिबा म्हणाला, "म्या थांबलो तवा त्यो फुडंच हुता. हार त्याला घाला."

किकवीच्या पोराच्या गळ्यात पासलीच्या सरपंचांनी हार घातला. घालताना त्यांचं तोंड कडू औषध प्यायल्यासारखं झालं होतं.

महिन्याभरानं हुमा निकाल घेऊन आली. शाळेच्या त्याच व्हरांड्यात गाव जमलं.

"पासली आणि किकवी, दोन्हींचं रक्त सारखंच आहे," ती म्हणाली. "आपली पासली समुद्रापासून हजार मीटरसुद्धा उंच नाही. विरळ हवेचा त्रास सुरू होतो तो अडीच हजार मीटरच्या वर."

आनंदरावांनी समोरच्या डोंगराकडं पाहिलं. त्यानंही त्यांना फसवलं असावं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"मात्र दोन माणसं वेगळी निघाली," हुमा पुढं म्हणाली. "झुल्फिकार आणि कोंडिबामामा. बसल्या जागी तुमचं हृदय मिनिटाला सत्तर-ऐंशी ठोके देतं, यांचं पन्नासच्या आत. रोज पळून, रोज चालून हृदय मोठं आणि ताकदीचं होतं. सख्ख्या भावाचं तसं नाही, ते आपण पाहिलंच."

चिमाजी खांबाआड सरकला.

"आणि मामा, तुमच्या रक्तात लोह कमी आहे. तुमचं रक्त खरं तर जरा फिकंच आहे. ह्या गोळ्या रोज घ्या."

लोक हसले. कोंडिबाही हसला, पण त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. फिक्या रक्तावर बावीस वर्षं चाललो, म्हणजे चाललो तो आपणच. घरी गेल्यावर त्यानं ठकुबाईकडं ऐटीत गरम पाणी मागितलं. तिनं घमेलं भरून आणलं आणि गोळीसुद्धा हातावर ठेवली.

झुल्फिकार पुढं महिन्यातून दोन रविवारी पासलीला यायचा, कोंडिबाबरोबर घाट चढायचा आणि ठकुबाईच्या चार भाकरी संपवून जायचा. पुढच्या वर्षी तो भरतीत निवडला गेला.

हुमा लडाखला गेली, तिच्या सरांबरोबर, खऱ्या उंच गावांत. तिथून तिनं कोंडिबाला पोस्टकार्ड धाडलं. वेल्ह्यालाच त्यानं ते वाचलं आणि मग वाटेतल्या प्रत्येक वस्तीवर थांबून वाचून दाखवलं. "मामा, इथं दहा पायऱ्या चढले की मला बसावं लागतं. काल सत्तरीची एक आजी पाठीवर लाकडाचा भारा घेऊन माझ्या पुढून निघून गेली. ती मला बघून हसली."

आनंदरावांनी ते पारावर ऐकलं आणि विचारलं, "मंग तिच्या रक्तात हाय म्हनायचं?"

"आसंल की," कोंडिबा म्हणाला. "पर भारा तिनंच उचालला व्हता."