धारेचं पातळ

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. आज सुभेदारमामांच्या म्हशीची संध्याकाळची धार मला काढायची आहे, आणि हे सुभेदारमामांना माहीत नाही.

उंब्रजला आमच्या शेजारी राहणारे मामा पलटणीतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली. ही बातमी त्यांना अजून कुणी सांगितलेली दिसत नाही. पहाटे त्यांची शिट्टी वाजते. ती असते मामींना उठवण्यासाठी. मामी तोवर शेणघाण आणि धार आटोपून चहा गाळत असतात. कप हातात घेत मामा म्हणतात, "टाइम म्हंजे टाइम." सरहद्दीवरच्या चौक्या त्यांना तोंडपाठ आहेत. घरातली साखर कुठल्या डब्यात असते, ते ठाऊक नाही.

शहराला जाणं ही त्यांच्या लेखी मोहीम. लेक शैला सांगलीला दिलेली. तिच्याकडं जायचं ते पहिल्या गाडीनं, दशम्या आणि घरचं पाणी घेऊन. जावई हॉटेलात चला म्हणाला, की मामा सांगतात, "परमुलखात खायाचं न्हाई." दिवस मावळेपर्यंत परत. इतक्या वर्षांत मामी लेकीकडं एक रात्र राहिलेल्या नाहीत. कारण म्हैस. ती मामींशिवाय कुणाच्या हाताला येत नाही, हे मामा पारावर असं सांगतात, की जणू तिला शपथ त्यांनीच दिली आहे.

या महिन्यात शैलाचं पोटाचं ऑपरेशन झालं. आई, आठ दिवस ये, असा तिचा फोन आला. मामींनी पिशवी भरायला घेतली. मामांनी नुसतं गोठ्याकडं बोट दाखवलं. मग नेहमीसारखं एका दिवसात भेटून यायचं ठरलं, संध्याकाळची धार परतल्यावर.

आज पहाटे मामा गाडी बघायला पुढं गेले आणि मामी माझ्या दारात आल्या. हातात धार काढताना नेसायचं त्यांचं जुनं पातळ, पेंडीच्या आणि शेणाच्या वासाचं.

"शोभे, आज जरा लवकर बस धारंला. ह्ये नेस अन् बोलू नगंस. तिला माजा वास कळतुया, त्वांड न्हाई."

दूध दिलं तरी फोन कर आणि नाही दिलं तरी कर, एवढं बजावून त्या गेल्या.

त्याच रात्री. ऊन उतरायच्या आत मी पातळ नेसून गोठ्यात गेले. म्हशीनं हुंगलं. एकदा पाय झाडला. पुढ्यात पेंडीचं आंबोण ठेवून, कासेला पाणी मारून मी बसून राहिले. मामी धारेला ओव्या म्हणतात. मला गाता येत नाही. जरा वेळानं तिनं पान्हा सोडला.

फोन लावला तेव्हा मागं मामा गाडी चुकेल म्हणून घाई करत होते. मामींनी विचारलं, "दिलं?"

"दिलं. रोजच्याएवढं."

फोन ठेवायला त्या विसरल्या असाव्यात. मला ऐकू आलं, "आवं, तुमी व्हा म्होरं. मी आठ दिसांनी येती."

"अन् म्हस?"

"म्हशीची धार झाली."

मग फोन बंद झाला.

अंधार पडताना ते एकटेच परतले. मी गोठ्यात वैरण टाकत होते. पिशवी अंगणात ठेवून ते थेट तिथं आले आणि म्हशीकडं बघत उभे राहिले.

"फितूर," ते म्हणाले. म्हशीला की मला, ते मी विचारलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार. पहाटे शिट्टी वाजली नाही. मी पातळ नेसून धार काढली आणि दुधाची चरवी घेऊन आत गेले. मामा ओट्याशी उभे होते. सगळे डबे उघडून समोर मांडलेले, आणि बोटावर घेतलेलं मीठ चाखून तोंड वाकडं झालेलं.

"शोभा, च्या तेवढा..." ते म्हणाले.

पातळ नेसून मामी व्हायचं ते फक्त म्हशीपुरतं. मी दूध ओट्यावर ठेवलं, साखरेचा डबा त्यांच्या पुढ्यात सरकवला आणि घरी आले.