सरांच्या पुतळ्यावरचा शेंदूर

सरांच्या पुतळ्यावरचा शेंदूर आज सकाळी मी माझ्या हाताने खरवडून काढला.

फोन येत आहेत, म्हणून लिहिते. आज माझी नणंद वनिता जाऊन एक वर्ष झालं. ही पोस्ट तिच्यासाठी आहे.

सर वनिताच्या शाळेत खेळ शिकवायचे. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. इथे मध्य प्रदेशात, आमच्या बालाघाटात सगळ्यांना माहीत आहे, तेवढं पुरे.

मी लग्न होऊन आले तेव्हा वनिता नववीत होती. खो-खोची कॅप्टन. उजाडायच्या आधी बूट घालून मैदानावर पळायची.
एक दिवस तिने बूट काढून माळ्यावर टाकले.

"काहून गं?"
"वयनी, मले त्या माणसापाशी पाठवू नका."

मी घरात सांगून टाकलं, पोरगी जाणार नाही. पुढचं तिने फक्त मला सांगितलं.

पुढे ती बिरस्याच्या शाळेत खेळाची मॅडम झाली. सर वारले. मोठी शोकसभा झाली आणि मैदानाच्या गेटाशी त्यांचा अर्धपुतळा बसला.

मग आपल्याकडे जे होतं तेच झालं.

एका टीमने मॅचच्या आधी पुतळ्याला टिळा लावला आणि ती टीम जिंकली. पुढच्या वर्षी सगळ्याच टीमनी लावला. कोणी नारळ फोडला, कोणी तेल-शेंदूर चढवला. होता होता सर दिसेनासेच झाले. बाया येता-जाता हात जोडायच्या. नव्या सुना तर मारुतीच समजायच्या.

वनिता सुट्टीत घरी आली की बाजाराला मागच्या गल्लीने जायची.

एका टूर्नामेंटच्या उद्घाटनाला, जुनी कॅप्टन म्हणून, तिच्याच हातात नारळ दिला. तिने तो टेबलावर ठेवला आणि माईक घेतला.

"या माणसाने मी नववीत असताना माझ्यावर हात टाकला. मी याच्यापुढे नारळ फोडणार नाही."

माईक ठेवून ती खाली उतरली.
मग तोंडं सुटली. मेलेल्या माणसावर आळ घेते. लग्न झालं नाही म्हणून डोकं फिरलं.

"वयनी, लोकं मले खोटारडी म्हणून राह्यले."
"म्हणू दे. तू आधी जेव."
"तुमच्यापाशी सगळ्या दुखण्याले जेवणच औषध," म्हणाली आणि हसली. जेवलीसुद्धा.

मग उकव्याहून एक संसारी बाई आली. तिनेही तेच सांगितलं. मग आणखी काही जणी आल्या. चौकशी बसली, सगळं खरं निघालं.
पण पुतळा काढायची ऑर्डर निघेपर्यंत वनिता काविळीने गेली होती.

आणि ऑर्डर निघूनही पुतळा हलेना. मजूर यायचे, बघायचे, परत जायचे.
"सिंदूर चढ़ी मूरत है. हम हाथ नहीं लगाएँगे."

काल माझ्या सासूबाईंनी श्राद्धाचं सामान बाजूला सारलं.
"तो तिथं पूजा खाऊन राह्यला, अन् माझ्या पोरीले मी कोणत्या तोंडानं घास ठेवू? तो उभा आहे तोवर पान वाढायचं नाही."

"आई, भटजींना सांगून ठेवलं आहे," आमचे हे म्हणाले.
"तर त्यायले जेवू घाल. पोरीचं पान थांबन."

आज मी देवपूजा आटोपली आणि मैदानावर गेले. क्रेन उभी होती, मजूर चहा पीत होते. खेळ समितीचे अध्यक्ष काकाजी मला बघून खूश झाले. भजनी मंडळ आणि त्याचा हिशोब दोन्ही माझ्याकडे, म्हणून वॉर्डात माझं थोडं ऐकतात.

"बाई, तुम्ही रोज देवळात जाता. तुम्हीच सांगा, पूजेची मूर्ती हलवली तर पाप आहे की नाही?"

"काकाजी, हिची प्राणप्रतिष्ठा कोणी केली?"
"म्हणजे?"
"कोणते पंडितजी होते? होम कुठं झाला?"
"तसं काही नाही झालं. पाहुण्यांनी फीत कापली होती."
"मग याच्यात देव आला कधी?"

एका मजुराला चहाचा ठसका लागला.

मी घरून तेल, उलथणं आणि जुन्या लुगड्याचं फडकं नेलं होतं. शेंदूर तेलातला, पाण्याने निघत नाही. तेल चोळलं आणि खरवडायला लागले. थरच्या थर सुटायला लागले.

"बाई, विचार करा."
"विचार करूनच आले. तुम्ही ही परात धरा."
त्यांनी धरली.

शेंदराचा काही दोष नाही. तो खाली पडू दिला नाही. वैनगंगेत सोडणार आहे.

आधी मिशी निघाली. मग चष्मा. मग शर्टाची कॉलर आणि गळ्यातली शिट्टी.

मुकादम जवळ येऊन वाकला.
"अरे, ये तो आदमी है."

आणि त्याने क्रेनचा पट्टा टाकला.

आता तिथं वनिताचा पुतळा बसवू, असं लगेच कोणीतरी म्हणालं.
मी म्हटलं, नको. उद्या तिलाही शेंदूर फासाल. जागा मोकळी राहू द्या, पोरींना पळायला लागते.

घरी आले तर सासूबाई दारातच बसल्या होत्या.

"निघाला काय?"
"हौ आई. निघाला."

त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.
"चाल मग. भात निवून राह्यला."

वनिताचं पान त्यांनी स्वतः वाढलं. मला हात लावू दिला नाही.

वनिता, तू खरं बोलली होतीस. आज सगळ्या गावाने ते दिवसाउजेडी बघितलं.

पोटभर जेव, बाई. तुझ्या वयनीचा तुला नमस्कार.