भिंतीशी खेळणारा कृष्णात

कृष्णातला फुटबॉल कोणी शिकवला, तर गोठ्याच्या भिंतीनं. हसू येत असेल तर हसून घ्यावं. पण नव्वदच्या सुमाराला उंब्रजात दुसरं होतं कोण? गावातलं पोरगं एक तर तालमीत घुमायचं, नाहीतर भरतीची तयारी म्हणून हायवेच्या कडेनं पळत सुटायचं. बॅट-बॉलवाले चार होते. चेंडूला लाथ मारणारं एकही नव्हतं.

चेंडू आणला वडिलांनी. ते पलटणीत होते, कायम कुठल्यातरी डोंगरापलीकडे. बाकीचे जवान रजेवर येताना ट्रंकेतून घोंगडी आणतात, कॅन्टीनचा साबण आणतात, बाटली आणतात. यांनी फुटबॉल आणला. आठ दिवस पोराबरोबर खेळले आणि रजा संपल्यावर निघून गेले. आई तर कृष्णात रांगत असतानाच गेलेली. मागं राहिला तो चेंडू, चुलते लालासाहेब, चुलती राहीबाई आणि गोठ्याची भिंत.

लालासाहेब म्हणजे आबा. जुने पैलवान, कान मुडपलेले, मान रेड्यासारखी. त्यांना हा खेळ पटायचा नाही. "लाथ गाढवानं मारायची रं. माणसानं डाव मारावा." राहीबाईंचं दुखणं वेगळं होतं. भिंतीच्या पलीकडच्या अंगाला म्हैस बांधलेली. चेंडू धाडकन आदळला की चुलीपुढून त्यांची हाक यायची, "कृष्णात! म्हस आटंल रं!"

म्हैस काही आटली नाही. कृष्णात मात्र तयार झाला. उजव्या पायानं मारायचा, डाव्या पायानं मारायचा, आणि भिंत दिलेला चेंडू परत द्यायची. तू कुणाचा, कुठला, हे तिनं कधी विचारलं नाही. चेंडू द्यायचा आणि पुढं पळायचं, तो परत येणारच, एवढाच फुटबॉल त्याला ठाऊक होता.

साताऱ्याला निवड चाचणी झाली तेव्हा सांगलीचे चिंतामण सर पोरं बघायला आले होते. सांगलीतल्या हळदीच्या पेठेतल्या व्यापाऱ्यांचा एक पीतांबर क्लब होता, पिवळ्या बनियनवाला. त्याचा मोठा संघ आसपासच्या सगळ्या स्पर्धांत खेळायचा, आणि आता विश्रामबागेत पोरांसाठी अकादमी काढलेली. अकादमी म्हणजे काय, तर तीन खोल्या, एक नळ आणि खडबडीत मैदान. नाव मोठं ठेवायला पैसे पडत नाहीत.

सरांनी विचारलं, "डावा पाय कुणी शिकवला?"

"भिंतीनं," कृष्णात म्हणाला.

सर हसले नाहीत. पोराला घेऊन आले.

सांगलीत पहिल्याच आठवड्यात कृष्णातला कळलं की माणसं भिंतीसारखी नसतात. तो चेंडू द्यायचा, पुढं पळायचा, आणि चेंडू भलतीकडेच जायचा. पोरं एकमेकांच्या ओळखीची, एका शाळेतली, एका गल्लीतली. मुद्दाम कोणी करत होतं असंही नाही. सवयीनं जो तो आपल्याच माणसाकडे बघतो. सवयीनं केलेला अन्याय करणाऱ्याला दिसत नाही, आणि ज्याच्यावर होतो त्याला दुसरं काही दिसत नाही.

बोलण्यावरूनही थट्टा चालायचीच. पुष्कर नावाचा पोरगा त्यात पुढं. बाप हळदीचा मोठा व्यापारी, क्लबच्या कमिटीवर.

"काय कृष्णात, गप्प का? म्हैस आठवली?"

"व्हय. तुझ्यापरीस ती बरी. तोंड मिटून रवंथ करती."

पोरं हसली. पुष्करही हसला. मनाचा वाईट नव्हता तो, आणि खेळ तर चांगलाच होता त्याचा. तोही डाव्या कडेलाच खेळायचा, एवढीच पंचाईत.

पण सगळ्यात वाईट रविवार. सांगलीतली पोरं शनिवारीच आपापल्या घरी पांगायची. खोलीत कृष्णात एकटा. शेजारच्या बिल्डिंगीतून कुकरच्या शिट्ट्या, टीव्हीचा आवाज, कोणीतरी कोणालातरी जेवायला बोलावतंय. तो उठून चालत स्टँडवर जायचा. साताऱ्याहून येणाऱ्या सांगली गाडीत राहीबाईंनी दिलेलं भाकरीचं गाठोडं असायचं. अर्जुना कंडक्टर ते खिडकीतून काढून द्यायचा. "घे गड्या. मेथीची भाजी हाय, सांडू नगंस." एवढंच बोलणं. पण ते आपल्या बोलीतलं बोलणं असायचं, म्हणून गाडी परत सुटेपर्यंत कृष्णात तिथंच उभा राहायचा. मग मैदानाशेजारच्या गोदामाच्या भिंतीवर अंधार पडेपर्यंत चेंडू मारत बसायचा. तिथं म्हैस नव्हती, हाकही नव्हती.

दुसऱ्या हिवाळ्यात संधी आली. मोठ्या संघातला डाव्या कडेचा गडी बँकेत लागून पुण्याला गेला. जागा एक, आणि धाकट्यांत दोघं, पुष्कर आणि कृष्णात. चिंतामण सरांनी दोघांना उभं करून स्पष्ट सांगितलं, "शनिवारी मोठ्या संघाचा मिरजेच्या संघाबरोबर सामना आहे. पहिला हाफ पुष्कर, दुसरा हाफ कृष्णात. ज्याचा खेळ सरस, तो वर्षभर मोठ्या संघात. कळलं?"

पहिला हाफ पुष्करला का, हे कोणी विचारलं नाही. संघ मैदानावर ठरतो म्हणणाऱ्यानं एकदा कमिटीच्या बैठकीत चहा प्यायला जावं. तरी कृष्णातला वाटलं, अर्धा तर अर्धा. अर्ध्यात दाखवू. त्यानं अर्जुनाकडे घरी निरोप दिला, "शनवारी मोठ्या संघात नाव लागलंय म्हनावं."

निरोप खराच होता. उंब्रजला पोचला तोही जसाच्या तसा. पण गावात नाव लागलं म्हटलं की ते कुस्तीच्या मैदानालाच.

शनिवारी सामना सुरू व्हायच्या आधीच मैदानाच्या दारात टेम्पो येऊन उभा राहिला. आधी हलगी उतरली, मग गुलालाची पिशवी, मग भावकी, आणि शेवटी गुलाबी फेटा बांधून आबा. दुसरा एक फेटा त्यांच्या काखेत होता, कृष्णातसाठी.

"कुठं हाय आमचा गडी?"

गडी बाकावर बसला होता.

"का रं, पोट दुखतंय?"

"न्हाई आबा. दुसऱ्या हाफला उतरवनार हायत."

"मंजी अजून जोड ठरली न्हाई तर!" आबांनी मान डोलावली. त्यांना कळायचं ते त्यांच्या परीनं कळलं होतं.

पहिला हाफ पुष्कर झकास खेळला. कृष्णात बाकावरून त्याचे पाय बघत होता आणि मनातल्या मनात बरोबर पळत होता. दुसरा हाफ सुरू झाला. सर उठले, तसा पुष्करचा बाप मागून म्हणाला, "रंगात आलाय पोरगा. राहू द्या की जरा." सर बसले. थोड्या वेळानं पुन्हा उठले, पुन्हा घुटमळले. कृष्णातनं बुटाची नाडी सोडली, बांधली, परत सोडली.

हे सगळं आबा बघत होते. कुस्तीच्या मैदानात अशा वेळी काय करायचं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तयार पैलवानाला कोणी जोड, म्हणजे तोडीचा प्रतिस्पर्धी, देत नसेल तर वस्ताद उठतो, गड्याचा हात धरून वर करतो आणि सगळ्या मैदानाला फेरी घालतो. हा बघा आमचा गडी. आहे का कोणी? त्यात लाज नसते, मान असतो. पंचांना मग जोड लावावीच लागते.

आबा उठले. काखेतला फेटा त्यांनी कृष्णातच्या डोक्यावर ठेवला, मनगट धरलं, हात आभाळाकडे केला आणि पांढऱ्या फक्कीची रेघ ओलांडून सरळ मैदानात शिरले. मागं हलगी कडाडली.

आणि नेमकं त्याच घडीला चिंतामण सरांनी बाकाकडे वळून हाक दिली, "कृष्णात, चल, उतर!"

बाक रिकामा होता.

रेफ्रीनं शिट्टी मारली. खेळ थांबला. आधी कोणाला काही समजेना. मग गोलमागची पोरं हसायला लागली आणि ते हसू दोन्ही बाजूंनी पसरत गेलं. "आरं, वरात आली वरात!" कोणीतरी ओरडलं. "नवरी कुठाय?"

सर कडेनं पळत आले. "कृष्णात! सोड त्यांचा हात. इकडं ये, आत्ताच्या आत्ता. तुला उतरवतोय मी!"

कृष्णातला ऐकू गेलं, शब्द न् शब्द. हात झटकला असता तरी पुरलं असतं. ज्यासाठी त्यानं सगळे रविवार गिळले होते ते चार पावलांवर उभं होतं.

त्यानं आबांकडे बघितलं. म्हाताऱ्याची छाती अजून फुगलेलीच होती, पण डोळे लोकांच्या तोंडावरून फिरायला लागले होते. हे हसणं कौतुकाचं नाही, हे त्यांच्या ध्यानात येत होतं. फड जिंकलेला गडी भर मैदानात हळूहळू म्हातारा होताना दिसावा, तसं दिसलं ते. त्यांच्या बोटांची पकड सैल पडली.

"काय चुकलं का रं?" ते पुटपुटले.

आता हात सोडला असता तर सगळ्या सांगलीपुढं आबा एकटे उभे राहिले असते, फेट्यासकट. आणि एकटं उभं राहणं म्हणजे काय हे त्या मैदानात कृष्णातइतकं कोणाला माहीत होतं?

त्यानं पकड बदलली. सैल झालेली ती बोटं आपल्या मुठीत घेतली आणि हात होता त्याहून वर नेला.

"काय चुकलं न्हाई आबा. चला. फेरी पुरी करायची असती."

पुरी केली. कोपऱ्यावरच्या निशाणांना वळसा घालून, मिरजेच्या गोलवाल्याच्या पाठीमागून, हसणाऱ्या तोंडांपुढून. हलगीवाला निम्म्यातच थांबला होता. पुष्कर मधल्या रेषेवर कमरेवर हात ठेवून उभा होता. न हसणारा तो एकटाच.

सरांनी पुष्करलाच शेवटपर्यंत ठेवला. सामना बरोबरीत सुटला. संध्याकाळी ते कृष्णातला म्हणाले, "ती कुस्तीची दंगल नव्हती रे. मी हाक मारली ती ऐकली होतीस ना?"

"व्हय."

"मग?"

 कृष्णातला जे सांगायचं होतं ते सरांच्या फळ्यावरच्या बाणांत कुठं बसत नव्हतं. सर वाट बघून निघून गेले. माणूस वाईट नव्हता, पण कमिटीला उत्तर त्याला द्यायचं होतं.

मोठ्या संघाच्या यादीवर त्याचं नाव पुन्हा आलं नाही. पोरं त्याला 'जोड' म्हणायला लागली. "काय जोड, लागली का?" त्यानं उलट टोला दिला नाही, म्हणून काही दिवसांनी तेही कंटाळले. ते चिडवत होते तेच बरं होतं असं मग त्याला वाटायला लागलं. पुष्करनं एकदा स्वतःचे जुने बूट पुढं केले. कृष्णातनं "मापाचे न्हाईत" म्हणून परत दिले. मापाचे होते. हंगाम संपला तसं सामान बांधून तो स्टँडवर गेला. अर्जुनानं उंब्रजचं तिकीट फाडलं.

उंब्रजला पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. आबा सोप्यावर होते. त्या शनिवारापासून त्यांनी कुठल्या मैदानात पाऊल टाकलं नव्हतं, फेटा खुंटीलाच होता. त्यांनी पोराकडं एकदा बघितलं आणि अडकित्त्यात सुपारी धरली.

कृष्णात चेंडू घेऊन मागं गेला आणि थबकला. चेंडू आदळून आदळून पोपडे गेलेली गोठ्याची भिंत नव्यानं बांधलेली होती. वीट घालून, वर सिमेंटचा गुळगुळीत गिलावा. म्हशीचा खुंटा उपटून पार परड्याच्या टोकाला, चिंचेखाली नेलेला.

"पडाय आलती भित्ताड," मागून आबांचा आवाज आला. "म्हनून बांदली."

भिंत पडायला आलेली नव्हती. दोघांनाही ते माहीत होतं.

कृष्णातनं डाव्या पायानं चेंडू मारला. नव्या गिलाव्यावरून तो पूर्वीपेक्षा जोरात, सरळ पायाशी परत आला. पुन्हा मारला. पुन्हा आला. मग तो थांबून हाकेसाठी कान देऊन उभा राहिला. चुलीपुढं राहीबाईंच्या हातातल्या भाकरीची थाप ऐकू येत होती. त्यानं मुद्दाम सगळ्या ताकदीनं चेंडू हाणला. आवाज परडंभर घुमला.

म्हैस लांब होती. कोणी ओरडलं नाही.