उद्या पाणी नाही

डोंबिवलीचं घर रिकामं करताना स्वयंपाकघराच्या फळीवर पालथा अंथरलेला पिवळा पेपर मी उलटला. मोठा मथळा होता, ‘उद्या पाणी नाही’.

त्या वेळी तो वाचून आईने कुकर, कढया, पातेली, अगदी पोह्यांच्या डिशसुद्धा भरून ठेवलेल्या. दुसऱ्या दिवशी नळ धो धो वाहत होता आणि भात लावायला भांडं रिकामं नव्हतं.

“अगं, ओत की एखादं,” बाबा म्हणाले.

“पेपरात आलंय. पाणी जाणारच!”

दोन दिवस आम्ही वडापाव खाल्ले. शेजारणी हसल्या, तेव्हा तिने सगळं पाणी कुंड्यांना घातलं. पुढच्याच सकाळी नळ कोरडा!

मथळा खाली करून आईने तो पेपर फळीवर अंथरला आणि वर तांदळाचा डबा ठेवला.