विहीर क्रमांक तीन

हरकतदार क्रमांक एक : श्रीमती गोजरबाई भ्रतार पुंजाराम वायाळ. वय अंदाजे पंचावन्न. धंदा शेती. शिक्षण निरंक. राहणार मौजे कोळगव्हाण, तालुका मंठा, जिल्हा जालना. मालमत्ता : चार एकर जमीन व एक विहीर, लगत लष्करी विमानतळाचे तारेचे कुंपण. स्वभाव तक्रारखोर. पाण्याची सोय : स्वतःची विहीर, बारमाही.

यातला बारमाही हा शब्द खरा होता. दुष्काळातही ती विहीर आटली नाही, कारण तिचं पाणी कोणी उपसतच नव्हतं.

धावपट्टी निजामाच्या काळात आखलेली. गाव तिला इमानतळ म्हणायचं. इमानं वर्षाकाठी सात-आठ उतरायची, तेलाचे टँकर मात्र महिन्याला दोन यायचे. ते तेल कुंपणाच्या पलीकडं जमिनीत पुरलेल्या टाकीत जायचं. ८१ साली पावसाळा सरता सरता गोजरबाईच्या बैलानं हौदाला तोंड लावलं आणि मान वर करून तिच्याकडं असं पाहिलं, की जणू तिनंच त्यात काही कालवलंय. पाण्यावर मोरपिसासारखे रंग होते आणि वास रॉकेलचा.

तिनं तलाठ्याकडून अर्ज लिहून घेतला : विहीर साफ करून द्या, नाही तर चांगल्या पाण्याचा नळ द्या. अर्ज परभणीहून परत आला. आपला जिल्हा आता जालना आहे, असं त्यावर लिहिलं होतं. जिल्हा बदलल्याचं गोजरबाईला असं कळलं. मग जालन्याला अर्ज. तिथून उत्तर आलं, की तळाच्या हद्दीत जमिनीखाली काय आहे ही बाब गोपनीय आहे. पुढं दर वर्षी आखाजीचा सण झाला, की एक अर्ज. मधल्या काळात नवरा वारला, मुलगा कचरू जालन्याला सळयांच्या कारखान्यात लागला, घरात सून आली. अर्जातला मजकूर तोच राहिला.

पिण्याचं पाणी दोन शेतं सोडून वरच्या अंगाला नूरबीच्या विहिरीवरून यायचं. नूरबी रोज एकदा तरी टोमणा मारायचीच.

"क्या गे गोजरबाई, आज बी सरकारचा नळ न्हाई आला?"

"येऊन राह्यलाय. वाटंत जेवायला थांबलाय."

९९ साली तळ बंद झाला. तिथं कारखान्यांची वसाहत होणार होती आणि त्याआधी माती, पाणी, झाडं, पक्षी सगळ्यांची तपासणी होऊन जाहीर सुनावणी व्हायची होती. मुंबईच्या एका सल्लागार कंपनीचा तरुण साहेब जीपमधून आला. त्यानं विहिरींना नंबर दिले. गोजरबाईची विहीर तीन नंबरची. त्यानं दोरीला बांधून काचेच्या तीन बाटल्या सोडल्या, भरून वर घेतल्या, हुंगल्या आणि तोंड फिरवलं.

"मावशी, याला तर वास आहे."

अठरा वर्षांत सरकारी कामाला आलेल्या माणसानं काढलेलं हे पहिलं खरं वाक्य होतं. गोजरबाईनं सुनेला हाक मारली. "बेबीनंदा, साहेबाला जेवू घालायचं हाय. पिठलं टाक, ठेचा कर." आणि बाटल्या ओट्यावर सावलीत ठेवायला लावून ती साहेबाला टाकीची जागा दाखवायला कुंपणाकडं घेऊन गेली. परत येऊन साहेब पोटभर जेवला. बाटल्या पेटीत ठेवून, जीपमध्ये बसून निघून गेला.

तीन महिन्यांनी चावडीवर अहवाल लागला. ग्रामसेवकानं तो मोठ्यानं वाचून दाखवला. विहीर क्रमांक एक, पाणी मचूळ. क्रमांक दोन, मध्यम. क्रमांक तीन, पिण्यास उत्तम, तेलाचा अंश निरंक, परिसरातील सर्वांत शुद्ध स्रोत.

गोजरबाई घरी आली आणि ओट्यावर टेकली.

"मुंबईचं मशीन खोटं हाय," ती म्हणाली. "साहेबानं माझ्यासमोर नाक मुरडलं व्हतं."

बेबीनंदा तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"आत्याबाई, त्या तीन बाटल्या का?"

"मंग कोणच्या?"

"त्यायला लई राकेलचा वास येऊ राह्यल्ता. म्हणलं, पाहुणे एवढ्या लांबून आल्ते, आपल्या घरून असलं पाणी घेऊन जाणार? मी ओतून देलं. राख अन् चार खडे टाकून खळखळून धुतल्या अन् नूरबीमावशीच्या हंड्यातलं भरून ठुलं." मग जरा थांबून तिनं पुढचंही सांगून टाकलं. "वरची नंबराची चिठ्ठी बिलकुल भिजू देली न्हाई."

लग्न होऊन आलेल्या या पोरीला पहिल्याच दिवशी गोजरबाईनं एकच गोष्ट शिकवली होती : दारी आलेल्याला आपल्या विहिरीचं पाणी द्यायचं नाही. पोरीनं ती बराबर पाळली होती.

सुनावणी धावपट्टीवरच झाली. मांडव, खुर्च्या, मधे लाल कापडाचं टेबल. गोजरबाई पिशवीत अठरा अर्जांच्या नकला घेऊन पहिल्या रांगेत बसली. शेजारी नूरबी. तिला सगळं माहीत होतं. मागं बेबीनंदा, पदर तोंडाशी धरून.

अध्यक्ष साहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं, की तपासणीच्या नमुन्यात कोणी फेरफार केल्याचं आढळलं तर फौजदारी गुन्हा दाखल होईल. ते वाक्य छापील कागदावरून वाचलेलं होतं आणि प्रत्येक गावी वाचलं जात होतं. बेबीनंदाला ते तिच्यासाठीच लिहिलेलं वाटलं. तिची बांगडी वाजली.

"हरकतदार क्रमांक एक. विहीर क्रमांक तीनच्या अहवालाबद्दल काही म्हणणं?"

नूरबी कुजबुजली, "बोल गे. अठरा साल झाले."

गोजरबाई उभी राहिली. पिशवीच्या तोंडाशी हात गेला. तिनं मागं वळून सुनेकडं पाहिलं नाही.

"न्हाई साहेब," ती म्हणाली. "ते पाणी चांगलंच हाय."

हे खोटं नव्हतं. ते पाणी चांगलंच होतं, नूरबीचं होतं. कारकुनानं 'हरकत नाही' असं लिहून तिचा अंगठा घेतला. घरी जाताना बेबीनंदा रडायला लागली, तेव्हा गोजरबाई म्हणाली, "रडू नको. पुढच्या टायमाला बाटल्या दिसल्या तर हात लावू नको, एवढंच."

परिसरातील सर्वांत शुद्ध स्रोत म्हणून वसाहतीनं विहीर क्रमांक तीन ताब्यात घेतली, तिच्यावर मोटार बसवली आणि मोबदल्यात गोजरबाईच्या अंगणात त्याच पाण्याचा नळ दिला. जालन्याच्या फायलीवर शेरा पडला : अर्जदाराची मागणी पूर्ण झाल्याने प्रकरण निकाली.

नळाला रोज सकाळी सात ते आठ पाणी येतं. त्या वेळेत गोजरबाई आणि बेबीनंदा हंडे घेऊन नूरबीच्या विहिरीवर असतात.