टीव्हीवरचा काळा चौकोन

कॉम्प्युटरमधलं कळतं ते घरात फक्त मला, असा माझा तोरा होता. खारघरला एका ऑफिसात मी डेटा एंट्री करायचे. कोर्सचं सर्टिफिकेट फ्रेम करून हॉलमध्ये लावलेलं होतं, आणि शेजारच्यांचा प्रिंटर अडला तरी हाक मलाच यायची. एवढी शहाणी मी, आणि माती खाल्ली तीही मीच.

आई गेली त्याला आठ महिने झाले होते. तिच्या पाठोपाठ बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. शब्द उरले दोनच, 'हाय' आणि 'नाय'. जन्मभर मिठागरावर मुकादमी केलेला माणूस, ज्याची हाक खाडीच्या पलीकडं ऐकू जायची, तो नवीन पनवेलच्या आमच्या वन-बीएचकेत टीव्हीसमोरच्या पलंगावर दोन शब्दांत दिवस काढत होता.

भिंतीवर आईचा हार घातलेला फोटो होता. तो रेशनकार्डाच्या फोटोवरून मोठा करून घेतलेला. त्यात ती कुणीतरी घाबरलेली परकी बाई दिसायची. खरी आई होती कॉम्प्युटरमध्ये, दोन मिनिटांच्या एका क्लिपमध्ये. पनवेलजवळच्या कोन फाट्याच्या पुढं आमचं गाव. तिथं चुलतभावाच्या हळदीला मी त्याचाच कॅमेरा घेऊन चुलीपाशी गेले होते. आई तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. मान वर न करता ती खेकसली, "अगो, मना काय काढतेस? नटलेल्या पोरी काढ जा. आन तुज्या बापसाला जेवाला बोलव, निवतंय सगलं." मग तिचा पिठाचा हात लेन्सवर येतो आणि क्लिप संपते. भावानं कॅमेरा परत घेतला, कार्ड पुसून टाकलं. उरली ती मी आमच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेली एवढीच.

बाबांना ती बघायची होती. कॉम्प्युटर बेडरूममध्ये होता. खुर्चीत बसवलं तर ते एका अंगावर घसरायचे, आणि त्या छोट्या स्क्रीनवर त्यांना धड दिसायचंही नाही. डाव्या हातानं ते हॉलमधल्या टीव्हीकडं बोट करायचे आणि मला विचारायचे, "हाय?" म्हणजे तिकडं लागेल का?

"लागेल म्हणजे काय, लावून दाखवते!" मी म्हटलं.

एका रविवारी स्टेशनजवळच्या दुकानातून वायर आणली. सगळा कॉम्प्युटर उचलून हॉलमध्ये टीव्हीशेजारी आणला. क्लिप पटकन हाताशी असावी म्हणून ती तिच्या फोल्डरमधून कट करून डेस्कटॉपवर, अगदी समोर आणून ठेवली. टीव्हीवर आमच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरचा हिरवा डोंगर उमटला, माउसचा बाण हलायला लागला, आणि मला केवढा हर्ष झाला! क्लिप लावली. टीव्हीच्या मधोमध एक काळा चौकोन आला. बाकी सगळं दिसत होतं, जिथं आई असायला हवी तिथं मात्र काळं. स्पीकरमधून आवाज तेवढा येत होता, आईचा, जसाच्या तसा. "तुज्या बापसाला जेवाला बोलव, निवतंय सगलं."

बाबा त्या काळ्या चौकोनाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "हाय." हातानं खूण केली, परत. मी परत लावली. परत खूण. चार वेळा ऐकलं त्यांनी. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तोंडाची जी अर्धी बाजू हलायची ती हसत होती. झटक्यानंतर पहिल्यांदा.

आणि मी काय करत होते? मी वायरी हिसडत होते. माझा स्वभाव मेला असा, काही अडलं की माझं डोकंच फिरतं.

"नुसता आवाज काय ऐकायचा? आई दिसलीच पाहिजे. उद्या माणूस बोलावते."

"नाय," बाबा म्हणाले.

"नाय काय नाय! तुमाला काय कळतं त्यातलं?"

ते परत "नाय" म्हणाले, जरा जोरात. मी कॉम्प्युटर बंद केला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. दुरुस्तीवाला आला. बटणं दाबून बघितली, चहा घेतला आणि म्हणाला, "मॅडम, फॉरमॅट मारावा लागेल." त्या काळी कॉम्प्युटरच्या खोकल्या-तापाला हेच एक औषध होतं. दर पाच-सहा महिन्यांनी आमचा फॉरमॅट व्हायचाच. कॉम्प्युटरचे दोन कप्पे, सी आणि डी. फॉरमॅट मारला की सी धुऊन निघतो, म्हणून ठेवणीतलं सगळं डीमध्ये ठेवायचं. हे मीच ऑफिसात दहा जणींना शिकवलं होतं.

त्यानं विचारलं, "सीमध्ये काही आहे का तुमचं?"

मी म्हटलं, "सीमध्ये आम्ही काही ठेवत नाही."

अगदी ऐटीत म्हटलं. डेस्कटॉप सीमध्येच असतो, हे मला काय माहीत नव्हतं? पाठ होतं. पण क्लिपची जागा म्हणजे डी, हे डोक्यात इतकं बसलेलं की आदल्या दिवशी तिला मीच तिथून उचललं होतं हे आठवलंच नाही. बाबा पलंगावरून "नाय, नाय" करत होते. "झालंच आता बाबा, दोन तास," मी म्हटलं.

संध्याकाळी टीव्हीवर सगळं लख्ख दिसायला लागलं. दुरुस्तीवाल्यानं दाखवायला म्हणून एक गाणं लावलं, नाचणाऱ्या बाया आल्या. कुठं काळा चौकोन नाही. मी बाबांना उशी लावून बसवलं, डी उघडला, आईचं फोल्डर उघडलं.

रिकामं.

दुरुस्तीवाल्यानं काय काय करून बघितलं बिचाऱ्यानं. शेवटी क्लिपचं नाव तेवढं परत मिळालं, उघडली तर आत काही नाही. आवाजसुद्धा नाही. पुढं कधीतरी ऑफिसात कळलं, त्या काळ्या चौकोनासाठी सेटिंगमधली एक टिक काढायची होती, बस्स.

कॉम्प्युटर मी परत बेडरूममध्ये नेला आणि बाबांना सांगितलं की तो बिघडलाय, दुकानात द्यावा लागेल. त्यानंतर रोज संध्याकाळी, मी कामावरून येऊन चप्पल काढते न काढते तोच ते टीव्हीकडं बोट करायचे. "हाय?"

"हाय बाबा, हाय. दोन दिवसांत आणते."

दोन महिने मी हे खोटं बोलले. त्यांच्या तोंडात अख्खे दोन शब्द उरले होते, आणि त्यातला एक मी खोटं बोलायला वापरत होते. खरं सांगायची माझ्यात हिंमत नव्हती.

त्यांच्या शेवटच्या आठवड्यात ते काही गिळेनात. त्या संध्याकाळी मी पेजेची वाटी घेऊन बसले, आणि त्यांनी टीव्हीकडं बोट केलं नाही. माझंच मन मला खात होतं, म्हणून मीच म्हटलं, "उद्या नक्की आणते हं बाबा."

त्यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला. "नाय," ते म्हणाले. रागानं नाही. लहान पोरीची समजूत घालावी तसं.

पेज तशीच राहिली, निवून गेली.