त्याच नदीची मासळी

आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, जाळं भीमेत असायचं आणि आईची पाटी दौंडच्या मासळीबाजारात. मी कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं, तेव्हा चिरफाडीचे मासेही आमच्याच घरून जायचे.

शेवटच्या वर्षी आबांच्या जाळ्यातली एक चिलापी मी टेबलावर उघडली. कल्ले लालभडक असायला हवे होते. ते राखाडी पडलेले, वर चिकट थर. यकृतावर डाग. दुसरी उघडली, तीही तशीच. आमच्या मॅडमनी आणखी मासे पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवले. मांसात शिसं आणि कॅडमियम निघालं.

जेवताना घरी सांगितलं.

"धुतलं, उकाळलं तर जातंय का ते?" आबांनी विचारलं.

"न्हाई आबा. खाणाऱ्याच्या अंगात साचत जातं."

"मग आपण खायचं न्हाई," आई हळूच म्हणाली. "बाजारात कोण इचारतंय?"

आबा ताटावरून उठले. "लोकाच्या लेकरांना इख घालायचं व्हय?"

त्यांनी पुण्याला प्रदूषण मंडळाच्या कचेरीत जाऊन अर्ज दिला. साहेब म्हणाले, "नदीत सगळ्यांचंच पाणी येतं. नेमकं कुणाचं, ते तुम्ही सांगा." मी सोबत होते. एवढं बोलून साहेबांनी चहा मागवला, स्वतःपुरता.

पुढच्या बाजारी आबा रिकामी पाटी घेऊनच बसले आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगू लागले. वर्षानुवर्षं आमच्याकडून मासळी नेणारी एक माळीण सगळं ऐकून हळहळली. "बरं झालं सांगितलंत, आबा," म्हणाली, आणि शेजारच्या पाटीवरून चिलापी घेऊन गेली. तीही भीमेचीच होती.

संध्याकाळी भावकीतले चौघे दारात आले. "पोरगी शिकवली ती आमच्या पोटावर पाय द्यायला का?" त्या दिवसापासून आबांच्या होडीला हात लावायला कुणी येईना. एकट्यानं जाळं ओढवेना, आणि ओढायची इच्छाही उरली नव्हती. होडी विकली. आबा रांजणगावला एका कंपनीच्या बागेत ठेकेदाराकडे कामाला लागले. जन्मभर पाण्यात उभा राहिलेला माणूस, पाइपानं हिरवळ भिजवू लागला.

आई माझ्याशी कित्येक महिने धड बोलली नाही.

बाजारात आमची जागा आता भावकीतल्याच एकानं घेतलीय. दुपारच्या आत त्याची पाटी रिकामी होते.